वॉर्डात औषध देण्याआधी : नर्सिंगच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

जीएनएम असो, बीएस्सी असो की एएनएम, पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगला बहुतेकांना एकच घाई असते : इंजेक्शन द्यायला कधी मिळणार? टोचायचं कसं ते हाताला लवकर जमतं. त्याआधीची पाच मिनिटं शिकायला मात्र वेळ लागतो. ऑर्डर वाचणं, औषध ओळखणं, हिशेब करणं, पेशंटकडे नीट बघणं या कामांत पेशंटचं भलंबुरं ठरतं, आणि हा लेख त्यांच्यासाठीच आहे.

डॉक्टर लिहितात, फार्मसीतून औषध येतं, पण ते शरीरात जाण्याआधीचा शेवटचा हात आपला असतो. आधी कुठेही चूक झालेली असली तरी ती पकडायची शेवटची संधी आपल्याकडेच असते. म्हणून सुरुवातीलाच ठामपणे सांगते : या पेशंटला हे औषध का चाललंय ते तुम्हाला कळलेलं नसेल, तर विचारल्याशिवाय देऊ नका. आणि विद्यार्थी असेपर्यंत प्रत्येक डोस स्टाफ सिस्टर किंवा ट्यूटर शेजारी उभ्या असतानाच द्यायचा. वॉर्ड कितीही भरलेला असो, "तू दे गं, मी आहे इथेच" हे पुरेसं नाही.

औषध शरीरात गेल्यावर

फार्माकॉलॉजीचं पुस्तक जाड असलं तरी त्याचा गाभा चार प्रश्नांत येतो. औषध रक्तात कसं शिरतं, कुठे पोचतं, कोण त्याचे तुकडे करतं आणि ते बाहेर कसं पडतं.

तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून शोषली जाते आणि आधी यकृतात जाते. काही औषधांचा मोठा भाग तिथेच निकामी होतो. छातीत दुखणाऱ्या पेशंटला सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात ते याच कारणाने. जिभेखालच्या रक्तवाहिन्यांतून औषध यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं. पेशंटने ती गोळी पाण्याबरोबर गिळून टाकली तर असर उशिरा आणि कमी होतो. म्हणून गोळी हातात देऊन पुढच्या बेडकडे जायचं नाही. ती जिभेखाली गेलेली बघायची, पेशंटला बसवून किंवा आडवं करून ठेवायचं आणि बीपी बघायचं, कारण या गोळीने बीपी उतरतं.

बाहेर पडण्याचं मुख्य दार म्हणजे मूत्रपिंड. जेंटामायसिन, अमिकासिन ही औषधं जवळपास जशीच्या तशी लघवीतून जातात. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते दाखवणारी तपासणी) वाढलेलं असेल तर ती अंगात साठतात, किडनीला आणखी इजा करतात आणि कानांवरही परिणाम होतो. म्हणजे अमिकासिन भरण्याआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि लघवीचं प्रमाण बघणं हे नर्सचंच काम आहे. रिपोर्ट वाढलेला दिसला तर डोस देण्याआधी रेसिडेंट डॉक्टरांना दाखवायचा.

अर्धायुष्य म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ. तो कळला की वेळापत्रकाचा अर्थ लागतो. सहा तासांनी द्यायचं अँटिबायोटिक सोयीसाठी सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ असं दिलं, तर कागदावर चार डोस पूर्ण दिसतात. पण रात्रीचे बारा तास पेशंट जवळजवळ औषधाविना असतो आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

औषध काय करतं हे समजलं की काय बघायचं ते वेगळं पाठ करावं लागत नाही, याचं माझं आवडतं उदाहरण आपल्या कोकणातलं आहे. लाल विंचू चावला की त्याच्या विषाने शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुफ्फुसांत पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन वापरून बघितलं आणि १९८६ मध्ये त्यांचं काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. आता पुढचं तुम्हीच काढा. रक्तवाहिन्या सैल झाल्या की बीपी उतरणार, विशेषतः पहिल्या डोसनंतर, आणि पेशंट एकदम उठून बसला तर चक्कर येऊन पडणार. म्हणजे त्याला आडवं ठेवायचं, लघवीला भांडं जागेवर द्यायचं, बीपी आणि पल्स वारंवार घ्यायचे. औषधाच्या एका कामातून नर्सिंग केअरची निम्मी उत्तरं निघाली.

खिशातली वही

जनरल वॉर्डात रोज फिरणारी औषधं मोजकी असतात. रोज दोन औषधं वहीत लिहायची : जेनेरिक नाव, गट, कशासाठी, नेहमीचा डोस, कोणत्या मार्गाने, देण्याआधी काय बघायचं, दिल्यानंतर काय बघायचं. ब्रँडचं नाव पेन्सिलने लिहा, कारण आज फार्मसीत एक कंपनी आहे, पुढच्या महिन्यात दुसरी येईल. जेनेरिक नाव बदलत नाही.

नावांच्या शेपटाकडे लक्ष दिलं तर पाठांतर खूप हलकं होतं. शेवटी 'ओलॉल' आलं, जसं मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, की आधी पल्स आणि बीपी. शेवटी 'प्रिल' आलं की कोरडा खोकला आणि वाढणारं पोटॅशियम. 'डिपिन' म्हणजे बीपी आणि पायावरची सूज. हृदयावरच्या डिगॉक्सिनला असं शेपूट नाही, पण ते देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, आणि मोठ्या माणसात ते ६०च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही, कारण या पेशंटचे ठोके बहुधा अनियमितच असतात.

ऑर्डर वाचणं

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तर, स्टॅट म्हणजे आत्ता. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. हे पहिल्या आठवड्यात पाठ व्हायलाच हवं. डोळ्यांच्या वॉर्डात ओडीचा अर्थ उजवा डोळा असाही होतो, तेवढं लक्षात ठेवा.

पूर्ण ऑर्डरमध्ये पेशंटचं नाव, औषध, डोस, मार्ग, किती वेळा, तारीख, वेळ आणि सही असते. यातलं एकही नसेल तर ऑर्डर अपुरी आहे. अंदाजाने भरून काढायची नाही. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी नुसतं इंग्रजी अक्षर घाईत लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि १०चे १०० होतात. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा. दशांश चिन्हाआधी शून्य हवंच, ०.५ असंच. नुसतं .५ लिहिलं तर टिंब फिकट उमटून ५ वाचलं जातं. उलट ५.० लिहू नका, त्याचे ५० होतात. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये हजारपटीचा फरक आहे, तिथे दोनदा थांबा.

फोनवरची ऑर्डर विद्यार्थ्यांनी घ्यायची नाही. स्टाफ सिस्टर घेतील तेव्हा ऐका : त्या लिहून घेतात, लिहिलेलं परत वाचून दाखवतात, डॉक्टरांकडून 'बरोबर' ऐकतात आणि नंतर सही मिळवतात.

अक्षर लागलं नाही तर विचारा. "सर, हे नाव नीट वाचता आलं नाही, कोणतं औषध आहे?" एवढंच म्हणायचं. कोणी वैतागलं तरी विचारलेलं वाया जात नाही. दोन सिस्टरनी मिळून अंदाज बांधला तरी तो अंदाजच असतो.

हिशेब

सूत्र एकच : हवा असलेला डोस भागिले हातात असलेला डोस, गुणिले तो किती मिलिलिटरमध्ये आहे. अमिकासिन ३७५ मिलिग्रॅम द्यायचं आहे, व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, ५०० मिलिग्रॅमची, २ मिलिलिटरची. ३७५ भागिले ५०० गुणिले २, म्हणजे १.५ मिलिलिटर. मांडणीआधी मनाशी अंदाज करा : पूर्ण व्हायलपेक्षा कमी, निम्म्यापेक्षा जास्त. उत्तर त्यात बसलं नाही तर मांडणी चुकली आहे.

सलाइनसाठी : एकूण मिलिलिटर गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. आपल्याकडचा नेहमीचा मॅक्रो सेट बहुधा १ मिलिलिटरला २० थेंबांचा असतो, तरी पाकिटावर छापलेला आकडा बघा. ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचं तर ५०० गुणिले २० भागिले ४८०, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. मायक्रो सेट ६० थेंबांचा असल्याने तासाला जितके मिलिलिटर, मिनिटाला तितकेच थेंब.

मुलांच्या वॉर्डात मात्र जीव मुठीत धरून हिशेब करायचा. पॅरासिटामॉल घ्या. डोस किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या बाळाला १५ने धरलं तर १५० मिलिग्रॅम. आता कपाटातल्या बाटल्या बघा. एका सिरपवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम लिहिलंय, त्यातून ६ मिलिलिटर द्यावं लागेल. दुसऱ्यावर ५ मिलिलिटरमध्ये २५० आहे, त्यातून ३ पुरेल. आणि ती ड्रॉपर असलेली छोटी बाटली, ड्रॉप्सची, तिच्या १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे फक्त १.५ मिलिलिटर. तिन्हींवर नाव तेच आणि चवही गोडच. छोटी बाटली म्हणजे सौम्य औषध असं आईला वाटतं, आणि विद्यार्थ्यालाही. पण सिरपचे ६ मिलिलिटर चुकून ड्रॉप्समधून गेले तर बाळाला चौपट डोस गेला. यकृताला हे सोसत नाही. म्हणून 'किती मिलिलिटर' एवढ्यावर कधी थांबू नका. 'किती मिलिग्रॅम, कोणत्या बाटलीतून' हे पूर्ण व्हायला हवं. बाळाला सुट्टी देताना आईला ती नेमकी बाटली हातात धरून, मापावर बोट ठेवून दाखवा आणि तिच्याकडून एकदा मोजून घ्या. घरातला चहाचा चमचा मापाला धरायचा नाही.

ट्रे उचलल्यापासून सही करेपर्यंत

हात धुवा. ट्रीटमेंट शीट बरोबर घ्या. आठवणीवर किंवा हातावर लिहिलेल्या आकड्यांवर औषध काढायचं नाही. लेबल तीन वेळा वाचा : कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये किंवा कपात काढताना आणि परत ठेवताना किंवा टाकताना. नाव, ताकद, एक्स्पायरी, द्रावणाचा रंग आणि तळाशी कण आहेत का, हे सगळं त्यात आलं. एका वेळी एकाच पेशंटचं औषध काढा. दुसऱ्याने भरून ठेवलेली बिनलेबलची सिरिंज देऊ नका, ती इन्चार्ज सिस्टरनी भरलेली असली तरी. स्वतः भरलेली सिरिंजही लगेच देणार नसाल तर तिच्यावर चिकटपट्टी लावून नाव, डोस आणि वेळ लिहा.

बेडजवळ गेल्यावर ओळख पटवायची. इथे बेड नंबरावर विसंबू नका. आपल्या सरकारी रुग्णालयात बेड बदलतात, खाली गादीवर एक्स्ट्रा पेशंट असतात, आणि एकाच वॉर्डात दोन सुमनबाई सहज सापडतात. "तुम्ही सुमनबाई ना?" असं विचारलं तर अर्धवट झोपेतल्या, कमी ऐकू येणाऱ्या आजी कशालाही मान डोलावतात. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बघू" असं विचारा आणि उत्तर केस पेपरवरच्या नावाशी व आयपीडी नंबरशी ताडून बघा. बोलू न शकणाऱ्या पेशंटसाठी मनगटाची पट्टी आणि नातेवाईक. नंतर अॅलर्जी विचारा : "याआधी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ, खाज, दम लागणं असं काही झालं होतं का?" नुसतं "अॅलर्जी आहे का?" विचारलं तर बरेच जण नाही म्हणतात, कारण पेनिसिलिनने आलेल्या गांधींना ते अॅलर्जी म्हणत नाहीत.

औषध कशासाठी आहे ते एका वाक्यात सांगा. आणि पेशंट म्हणाला, "सिस्टर, ही माझी गोळी नाही, माझी तर गुलाबी असते," तर तिथेच थांबा. कंपनी बदललेली असेल, किंवा खरंच गोळी चुकलेली असेल. शीट पुन्हा उघडा, स्ट्रिप पुन्हा वाचा, मग बोला. रोज स्वतःची गोळी बघणारा माणूस हा तुमचा सगळ्यात जवळचा तपासनीस आहे.

गोळी गिळेपर्यंत उभं राहायचं. बेडशेजारच्या लॉकरवर ठेवून जायचं नाही. संध्याकाळी चादरी बदलताना मावशींना गादीखाली गोळ्या सापडतात त्या अशाच राहिलेल्या असतात. सही औषध दिल्यानंतर, दिलेल्या खऱ्या वेळेसह. आधी सह्या उरकून मग ट्रे फिरवण्याची सवय दिसली तर ती उचलू नका, कारण मधेच पेशंट एक्स-रेला गेला की कागद सांगतो डोस गेला आणि डोस ट्रेतच असतो. औषध दिलं नसेल तर का दिलं नाही तेही लिहा : उपाशी ठेवलंय, पल्स ५२ आहे, पेशंट नको म्हणाला. वेदनेची एसओएस गोळी दिली असेल तर साधारण तासाभराने परत जाऊन दुखणं किती उतरलं ते विचारून नोंदवा.

ट्रे हातात असताना नातेवाईक हाक मारतील, फोन वाजेल. "काका, हा डोस देते आणि येते" म्हणा आणि हातातलं पूर्ण करा. मोजता मोजता मोडलेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून करायचा.

मार्ग आणि त्यांच्या खोड्या

नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असलेली किंवा आतड्यात विरघळणारं आवरण असलेली गोळी कुटायची नाही. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) असलेल्या पेशंटला पॅन्टोप्राझोलची गोळी खलबत्त्यात घालताना दिसतात. ती कुटली की आवरण मोडतं आणि औषध पोटातल्या आम्लात वाया जातं. डॉक्टरांकडून दुसरं रूप मागून घ्या. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर नको, लिंबूपाणी चालेल. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी. क्षयाचे उपचार चालू असताना रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. नाहीतर पेशंट घाबरून औषध बंद करतो. त्याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, हेही बाईंना सांगायचं राहू नये.

दंडाच्या स्नायूत मोठ्या माणसाला साधारण १ मिलिलिटरपर्यंत, लहान बाळांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यात द्यायचं तर वरचा-बाहेरचा भागच, कारण खालून सायटिक नर्व्ह जाते. चामडीखाली एनॉक्सापॅरिन (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) देताना भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका आणि नंतर जागा चोळू नका, निळा डाग पडतो.

शिरेतून देण्याआधी कॅन्युलाची (शिरेत बसवलेल्या नळीची) जागा बघा, बोटाने हात लावा, सलाइनने फ्लश करा. सूज, लाली, दुखणं असेल तर त्या कॅन्युलातून काहीच नाही. झटक्यांवरचं फेनिटॉइन नॉर्मल सलाइनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये ते साकळतं. आणि मोठ्या माणसात मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने नाही. व्हॅन्कोमायसिन किमान तासभर चालवा, नाहीतर चेहरा-मान लाल होऊन बीपी पडतं. सेफ्ट्रियाक्सोन आणि आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) एकाच वेळी एका लाइनमधून नको, आरएलमधल्या कॅल्शियमशी सेफ्ट्रियाक्सोनचे कण बनतात. नवजात बाळात तर ही जोडी जिवावर बेतते.

ज्यांच्यापुढे दोघींनी थांबायचं

काही औषधांत चूक सुधारायला वेळच मिळत नाही. तिथे दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्र हिशेब करायचा. "बरोबर आहे ना?" विचारून मान डोलवून घेणं म्हणजे तपासणी नव्हे. तिने शीट वाचून आपला आकडा सांगावा आणि मग दोघींनी ताडावा.

पोटॅशियम क्लोराइड. १० मिलिलिटरचं अँप्यूल, १५ टक्क्यांचं, त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट. दिसायला पाण्यासारखं आणि आकाराने डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखं. हे थेट शिरेत कधीही, कोणत्याही परिस्थितीत ढकलायचं नाही, हृदय बंद पडतं. सलाइनमध्ये मिसळूनच द्यायचं, आणि साध्या वॉर्डात हातावरच्या शिरेतून सहसा तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही. एक बारकावा कोणी सांगत नाही : लटकत्या बाटलीत ते टाकून तसंच चालू केलं तर जड द्रावण तळाशी, म्हणजे सेटच्या तोंडाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांतच बरंचसं पोटॅशियम आत जातं. बाटली खाली उतरवा, सेट बंद ठेवा, औषध टाका, बाटली अनेकदा उलटसुलट करा, लेबल लावा आणि मगच लटकवा. लघवी होत नसलेल्या पेशंटला पोटॅशियम लिहिलेलं दिसलं तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. अँप्यूल्सचा डबा वेगळा आणि लाल लेबलचा असू द्या.

इन्सुलिन. आपल्याकडच्या व्हायल बहुतेक १ मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या, त्यांची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटच्या व्हायलची सिरिंज केशरी टोपीची. ४०च्या सिरिंजमध्ये १००च्या व्हायलमधून २०च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला ५० युनिट जातात. व्हायल आणि सिरिंज शेजारी धरून दोन्हींवरचा आकडा जुळवा. दोन इन्सुलिन मिसळायची असतील तर आधी स्वच्छ, मग गढूळ. ग्लार्जिन हे दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन कशातच मिसळायचं नाही. रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास, पण जेवणाची ट्रॉली खरंच येते आहे ना, पेशंट खाणार आहे ना, उलट्या तर होत नाहीत ना, हे बघूनच. घाम, थरथर, बरळणं दिसलं की लगेच शुगर तपासा. ७०च्या खाली आणि पेशंट शुद्धीत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, डॉक्टरांना हाक आणि शिरेतून डेक्स्ट्रोज.

हेपॅरिन, रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध. त्याच्या ५ मिलिलिटरच्या व्हायल मिलिलिटरला १००० आणि ५००० युनिट अशा दोन्ही येतात. व्हायल बदलली तर डोस पाचपट चुकतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

लेबर रूममधलं मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. झटके येणाऱ्या मातेचा जीव वाचवणारं औषध, पण प्रत्येक पुढच्या डोसआधी तीन गोष्टी : गुडघ्याखाली हातोडीने हलकं ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर आहे का. यातलं एक जरी नसलं तर डोस थांबवून डॉक्टरांना बोलवा, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवा. ते त्यावरचं उतारा-औषध आहे. अँप्यूल ५० टक्क्यांचं, २ मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, त्यामुळे ५ ग्रॅमला १० मिलिलिटर. हा आकडा डोक्यात पक्का असावा, कारण त्या वेळी खोलीत कोणी शांत नसतं.

रिअॅक्शन आली तर

टेस्ट डोसला, म्हणजे आधी थोडंसं देऊन बघितलेल्या औषधाला, काही झालं नाही म्हणून पूर्ण डोसला काही होणार नाही अशी खात्री नसते. सर्पदंशावरच्या लसीला तर टेस्ट डोस द्यायचाच नसतो; पहिल्या मिनिटापासून बेडजवळ बसायचं आणि अॅड्रेनॅलिन तयार ठेवायचं. त्या लसीचा डोस लहान मुलाला वजनाने कमी होत नाही, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही.

औषध चालू असताना खाज, गांधी, आवाज घोगरा होणं, दम, बीपी पडणं यातलं काही दिसलं तर औषध लगेच बंद करा, कॅन्युला काढू नका, हाक मारा. पेशंटला आडवं करा, पाय उंच करा, दम लागत असेल तर बसतं ठेवा, ऑक्सिजन लावा. पहिलं औषध अॅड्रेनॅलिन : मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १:१००० च्या अँप्यूलमधलं अर्धा मिलिलिटर. ते डॉक्टरांच्या ऑर्डरने किंवा रुग्णालयाच्या प्रोटोकॉलने. आपल्याकडे हात आधी अॅलर्जीवरच्या एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोनकडे जातो. ती नंतरची औषधं आहेत, घसा आणि बीपी ती वेळेत सावरत नाहीत. म्हणून ड्यूटीवर आल्यावर इमर्जन्सी ट्रेत अॅड्रेनॅलिन आहे ना आणि त्याची तारीख काय आहे, हे रोज स्वतः बघायचं.

औषधाचे दुष्परिणाम कळवायला २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम आहे, त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. फॉर्म नर्सही भरू शकते, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. मेडिकल कॉलेजमध्ये असाल तर बहुधा फार्माकॉलॉजी विभागातच यासाठी माणूस असतो, त्यांच्याकडे जा.

चुकीचं औषध गेलं, किंवा गेल्याची शंका आली, तर पहिल्या मिनिटाला पेशंट : पल्स, बीपी, श्वास, शुद्ध. दुसऱ्या मिनिटाला सिस्टर आणि डॉक्टर. रिकामं अँप्यूल टाकू नका, कोणतं औषध किती गेलं ते त्यावरून कळतं. मग जे घडलं ते वेळेसह जसंच्या तसं लिहा. लपवलेल्या दहा मिनिटांत उतारा द्यायची वेळ निघून जाते. तुमच्या वॉर्डात रागावण्याच्या भीतीने मुली गप्प राहत असतील तर तो प्रश्न ट्यूटरनी आणि अधिसेविकांनी सोडवायचा आहे. तरीही तुम्ही बोलायचं.

ट्रे आवरताना आणि ड्यूटी संपताना

सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. सुई कापून पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात. सिरिंज आणि आयव्ही सेट लाल पिशवीत. काचेची अँप्यूल आणि व्हायल निळ्यात. मुदत संपलेली औषधं पिवळ्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत हे आलं आहे. सुई टोचलीच तर जागा पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीसाठीचं औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. उघडलेल्या इन्सुलिनवर उघडल्याची तारीख घाला, २८ दिवसांनी ते बाद.

ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्यूटीला पेशंट सोपवताना, "सगळी ट्रीटमेंट झाली" एवढं पुरत नाही. कोणाचा डोस का राहिला, कोणाची कॅन्युला आज बदलली, कोणाच्या सलाइनमध्ये पोटॅशियम आहे आणि किती थेंबांवर आहे, कोणाची एसओएस गोळी किती वाजता गेली, हे नावानिशी सांगा. ज्या पेशंटला आज एखादं औषध पहिल्यांदा सुरू झालंय, त्याची ओव्हर टेबलापाशी देऊ नका. पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरना बेडजवळ न्या, पेशंटशी ओळख करून द्या आणि सुरू झालेलं औषध त्याच्यासमोरच शीटवर दाखवा.